आत्याबाईंचा रविवारचा गृहपाठ

पुण्यात हट्टी माणसांचा तुटवडा आहे असं कुणीही म्हणणार नाही. पण एकदा हाती आलेलं मूल शहाणं केल्याशिवाय सोडायचंच नाही, असा हट्ट धरणारं माणूस मी माझ्या बायकोच्या आत्याखेरीज दुसरं पाहिलेलं नाही. आत्याबाईंनी लग्न केलं नाही. जन्मभर सरकारी इस्पितळात नर्स होत्या, शेवटी मेट्रन झाल्या, आणि निवृत्त झाल्यावर आमच्याकडे वाघोलीला राहायला आल्या. तरी त्यांचा जीव होता तो पेठेतल्या आमच्या जुन्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, भरणाऱ्या शब्बाथशाळेत. रविवारी मोठ्यांच्या उपासनेआधी मुलांना पवित्र शास्त्र शिकवण्याचा हा वर्ग. नगर रस्त्यावर रविवारी सकाळीही गाड्या मुंगीच्या पावलांनी चालतात, म्हणून आत्याबाई पहाटेच तयार होऊन, पांढरी साडी आणि मेट्रनचे ते काळे बूट घालून, दाराशी उभ्या राहायच्या आणि मला म्हणायच्या, "जावईबापू, प्रभू येशू वाट बघेल, मुलं बघणार नाहीत." त्यांना गाडीतून नेण्या-आणण्याचं काम लग्नाबरोबरच माझ्याकडे आलं. पुढचं सगळं मी पाहू शकलो ते त्यामुळेच.

वर्गाची सुरुवात प्रार्थनेने होत नसे, कान तपासण्याने होई. मुलं रांगेत उभी राहायची, आत्याबाई एकेकाचा कान उजेडाकडे वळवून आत डोकवायच्या आणि मळ दिसला की मुलाला नळावर पाठवायच्या. "शिष्याचा पहिला अवयव कान," असं त्यांचं म्हणणं. "तोंड नंतर. तुमच्या घरी सगळं उलटं चाललंय, ते मला दिसतंय." एकदा येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, तो धडा होता. दुसऱ्या कुणी चित्र दाखवलं असतं. आत्याबाईंनी बादली, तांब्या आणि टॉवेल आणले आणि मुलांना एकमेकांचे पाय धुवायला लावले. गुदगुल्यांनी वर्गभर हलकल्लोळ माजला. तो ऐकून पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, डोकावले, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "बरे आलात. बसा." पाळकसाहेब बसले. मोजा काढला तर अंगठ्याशी भोक. त्या दिवशी पाळकसाहेबांविषयीची मुलांची प्रीती जितकी वाढली तितकी त्यांच्या कुठल्याही उपदेशाने वाढली नसेल.

नुसतं वचन पाठ करून येणाऱ्याला आत्याबाईंकडे किंमत नव्हती. "पाठ झालं? छान. आता करून ये," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. शेजाऱ्यावर प्रीती करण्याचं वचन झालं तेव्हा प्रत्येकाने आपल्या सगळ्यात नावडत्या शेजाऱ्याकडे काहीतरी घेऊन जायचं, असा गृहपाठ मिळाला. एका मुलाच्या इमारतीत गॅलरीत आलेला क्रिकेटचा चेंडू कधीही परत न देणारे एक काका होते. तो आईने केलेल्या शंकरपाळ्यांचा डबा घेऊन गेला. काकांनी दारातच विचारलं, "काय पाहिजे?" मुलगा म्हणाला, "काही नाही, गृहपाठ आहे." काकांनी संशयाने डबा घेतला, दार लावलं. पुढच्या आठवड्यात जिन्यात मुलाला गाठून त्यांनी विचारलं, "या रविवारी काय दिलाय रे?" चेंडू मात्र त्यांनी दिले नाहीत. आत्याबाई म्हणाल्या, "प्रीती आपण करायची असते. चेंडूंचं त्यांचं ते बघतील."

शिष्य म्हणजे मागून चालणारा, ही त्यांची व्याख्या. ती शिकवायला त्यांनी एकदा सगळा वर्ग देवळाबाहेर काढला आणि स्वारगेटच्या दिशेने चालायला सुरुवात केली. कुठे जायचं ते सांगणार नाही, कुणी विचारायचं नाही, पुढे पळायचं नाही, रेंगाळायचं नाही. फूटपाथवर लावलेल्या दुचाक्यांमधून ती दिंडी वाट काढत चालली होती, आणि मुलं रस्त्यावर येऊ नयेत म्हणून मी शेवटी राखणीला होतो. अर्ध्या वाटेवर एस्तेर नावाची नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, "आत्या, पण कुठे चाललोय?"

"पेत्र येशूच्या मागे निघाला तेव्हा त्याने असं विचारलं होतं का?"

"विचारलं होतं," एस्तेर म्हणाली. "प्रभू, तू कुठे चाललास, असं. योहानाच्या शुभवर्तमानात आहे."

आत्याबाई भर फूटपाथवर थांबल्या. मागची मुलं एकमेकांवर आदळली. "आहे खरं," त्या म्हणाल्या. "भेळ खायला चाललोय."

तेव्हापासून एस्तेर त्यांची लाडकी झाली. पुढे जे घडलं ते या लाडक्या विद्यार्थिनीच्याच हातून घडलं.

आपल्या विश्वासाबद्दल दुसऱ्याला सांगणं, म्हणजे साक्ष देणं, हा धडा होता. आत्याबाईंच्या पद्धतीप्रमाणे गृहपाठ मिळाला, की या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या एका मित्राला किंवा मैत्रिणीला येशूबद्दल सांगायचं. पुढच्या रविवारी मुलं एकेक करून हकिगत सांगू लागली. एकाच्या मित्राने ऐकता ऐकता त्याचा डबा संपवला होता. एकीची मैत्रीण नाताळचा केक मिळणार असेल तर कितीही ऐकायला तयार होती. मग एस्तेर उठली.

"मी सईला सांगितलं. ती म्हणाली, आमच्याकडे गणपती आहे. मग मी म्हटलं, मग तू नरकात जाशील." एवढं तिने धीटपणे सांगितलं. मग तिची हनुवटी हलायला लागली. "ती रडली. आता ती माझ्याशी बोलत नाही. डबापण दुसरीकडे बसून खाते."

वर्गात कुणी हसलं नाही. आत्याबाईंनी विचारलं, "हे नरकाचं तुला कुणी सांगितलं?"

"मोबाइलवर एक काका सांगत होते."

आत्याबाईंनी टेबलावरचा डस्टर उचलून खणात ठेवला. मग त्यांनी वर्ग सोडून दिला. वेळेआधी वर्ग सुटलेला मी प्रथमच पाहत होतो. एस्तेरच्या आईला एका बाजूला घेऊन त्यांनी परवानगी मागितली, आणि मला म्हणाल्या, "जावईबापू, गाडी काढा. सईचं घर नारायण पेठेत आहे."

घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. आत्याबाईंचे गुडघे तेव्हाच गेलेले. मी म्हटलं, "मी त्यांना खाली बोलावून आणतो." त्या म्हणाल्या, "माफी मागायला माणूस वर जातो. ज्याची मागायची त्याला खाली बोलावत नाहीत." एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने एस्तेरचा खांदा धरून त्या चढल्या. दार सईच्या आजींनी उघडलं. बारीक अंगाच्या, ताठ, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या बाई. आत्याबाईंनी आम्ही कोण आणि कशासाठी आलो ते सांगितलं. आजींनी तिघांनाही पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"या," त्या म्हणाल्या. "आमच्या नरकात चपला बाहेर काढायची पद्धत आहे."

आत्याबाईंनी जिन्यातच बसून बूट काढले. आत गेल्यावर एस्तेरने सईची माफी मागितली. सई पडद्याआड उभी होती. तिचा फक्त एक डोळा दिसत होता. मग आत्याबाई आजींना म्हणाल्या, "चूक हिची कमी, माझी जास्त. मैत्रिणीला सांग, असं मी म्हटलं. कसं सांगायचं ते शिकवायचं राहिलं."

"म्हणजे पुढच्या वेळी नीट सांगणार?"

मला वाटलं, आता आत्याबाई काहीतरी गुळमुळीत बोलून उठतील. पण त्या म्हणाल्या, "हो. आपल्याला जे प्रिय आहे ते मूल मैत्रिणीला सांगणारच. तुमची सई हिला गणपतीच्या गोष्टी सांगतेच की. सांगू दे. पण भीती घालून नाही. आमच्या प्रभूने कुणाला भीती घालून मागे बोलावलं नव्हतं."

आजी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. मग म्हणाल्या, "चहा घेणार नसालच?"

"घेऊ," आत्याबाई म्हणाल्या. आजींची ही अपेक्षा नसावी. पण त्यांनी चहा केला, आणि चांगला केला.

ही बातमी देवळात पोचली तेव्हा सगळ्यांनाच ती रुचली नाही. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या बैठकीत आत्याबाईंना बोलावलं. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो आणि दार उघडंच होतं. एक पंच म्हणाले, "आपण मुलांना येशूची सुवार्ता सांगायला शिकवायचं, की सांगितल्याबद्दल माफी मागायला? आपल्याला सुवार्तेची लाज वाटते का?"

"सुवार्तेची नाही वाटली. माझ्या शिकवण्याची वाटली," आत्याबाई म्हणाल्या. "ती वाटायलाच हवी होती."

शेवटी असं ठरलं की आत्याबाईंचं वय झालं आहे, त्यांनी आता विश्रांती घ्यावी. जूनपासून एक तरुण जोडपं पडद्यावर चित्रं दाखवून वर्ग घेईल. आत्याबाईंचा चेहरा उतरला. गाडीत त्या एवढंच बोलल्या, "जूनपर्यंत वर्ग माझा आहे." आणि जूनपर्यंत दर रविवारी त्यांनी एकच धडा शिकवला. त्या स्वतः मैत्रीण व्हायच्या, समोर एका मुलाला उभं करायच्या. मुलाने आधी त्यांचं ऐकायचं, त्यांनी विचारलं तर आपलं सांगायचं. मग आत्याबाई तोंड फिरवून म्हणायच्या, "मला नको ते तुझं." इथे मुलं अडखळायची. बरोबर उत्तर होतं, "बरं. खेळायला येतेस?" हे उत्तर मनापासून येईपर्यंत त्या मुलाला खाली बसू देत नसत. मनापासून आलं की नाही ते त्यांना डोळ्यांवरून कळायचं.

सई आणि एस्तेर पुन्हा एकत्र डबा खाऊ लागल्या होत्या. त्यांच्याकडूनच कळलं की सईच्या आजी न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण घरी आल्यावर आजींनी हाय खाल्ली. व्यायाम घ्यायला येणाऱ्या मुलीला त्यांनी दोनदा परत पाठवलं. आत्याबाईंनी सईच्या आईला फोन केला, आणि त्या दिवसापासून एक दिवसाआड वाघोलीहून नारायण पेठेत जाऊ लागल्या. मला जमेल तेव्हा गाडीने, नाहीतर बस बदलत. तीन मजले चढून वर गेल्यावर आधी पाच मिनिटं त्या स्वतःच खुर्चीत धापा टाकत बसायच्या. आजी म्हणायच्या, "आधी तुमचा व्यायाम होऊ दे." एस्तेर त्या घराजवळच राहायची, तीही यायची, आणि आजींच्या टाचेखाली उशी धरून बसायची.

एके संध्याकाळी मी न्यायला गेलो होतो. आजी पलंगावर, आत्याबाई त्यांच्या पायाशी.

"खरं सांगा," आजी म्हणाल्या, "मला बाटवायला येता का?"

"तुम्हाला?" आत्याबाई म्हणाल्या. "तुम्ही पाय उचला म्हटलं तर उचलत नाही."

आजी हसल्या. त्या घरात त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मग त्या एस्तेरकडे वळल्या. "आणि तू गं? तू कशाला येतेस?"

एस्तेरने आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाईंनी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

"मी उशी धरते. आणि प्रार्थना करते तुमच्यासाठी. मनात. मोठ्याने केली तर तुम्हाला राग येईल."

"मोठ्याने कर," आजी म्हणाल्या. "माझ्या पायासाठी काय मागतेस ते मला कळायला नको?"

एस्तेरने डोळे मिटले. "प्रभू, आजींचा पाय बरा कर. त्यांना रात्री दुखू देऊ नको. आणि व्यायामाचा कंटाळा येऊ देऊ नको. आमेन."

"शेवटचं वाक्य या बाईंनी शिकवलेलं दिसतंय," आजी म्हणाल्या. पण बोलताना त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, आणि आत्याबाईंनी सांगायच्या आधीच आपला पाय उचलला.

आजी पुढे काठी घेऊन चालू लागल्या. देवघरातल्या गणपतीला त्यांचा रोजचा नमस्कार कधी चुकला नाही, आणि तो चुकावा असं आत्याबाई कधी बोलल्या नाहीत. नाताळात मात्र आजी सईला घेऊन, काठी टेकत आमच्या देवळात आल्या, मागच्या बाकावर बसल्या, आणि जाताना, बैठकीत लाजेचं विचारणाऱ्या त्याच पंचांना म्हणाल्या, "तुमच्या बाई फार कडक आहेत. सांभाळा त्यांना."

ते तरुण जोडपं ठरल्याप्रमाणे त्या जूनमध्येच आलं होतं. माणसं चांगली होती, मुलांना आवडली. वर्षभराने नोकरीसाठी त्यांना बंगळुरूला जावं लागलं, आणि कुणी ठराव न करताच वर्ग पुन्हा आत्याबाईंकडे आला. त्यांनी तो आणखी काही वर्षं घेतला. मग गुडघ्यांनी साफ नकार दिला.

आता एस्तेर कॉलेजात आहे आणि वर्ग तिच्याकडे आहे. गेल्या महिन्यात आत्याबाईंनी तो बघायचा हट्ट धरला. मी त्यांना धरून आत नेलं, मागे लहान मुलांच्या बुटक्या बाकावर बसवलं. एस्तेर शिकवत होती ते त्यांना धड ऐकू येत नव्हतं. मधेच एका मुलाने काहीतरी विचारलं, आणि एस्तेर म्हणाली, "याचं उत्तर मला नाही माहीत. आपण मिळून शोधू." आत्याबाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणाली?" मी कानात सांगितलं. उत्तर सांगायला त्यांचा हात वर जायला निघाला होता. तो त्यांनी हळूच मांडीवर ठेवला.

परतताना येरवडा मागे पडलं. मग म्हणाल्या, "बरं शिकवते. माझ्यासारखं नाही शिकवत."

पुढे सिग्नल लागला, मी गाडी थांबवली.

"जावईबापू, मला एवढं कधी म्हणता आलं नाही, माहीत नाही म्हणून," त्या म्हणाल्या, आणि खिडकीची काच खाली करून वाघोली येईपर्यंत बाहेर बघत राहिल्या.