सुहासच्या मापाचे बॅनर

बॅनरच्या दुकानात नोकरी करा, किस्से गोळा करावे लागत नाहीत. गिऱ्हाईकच भांडायला येतं आणि देऊन जातं! उल्हासनगरच्या आमच्या दुकानातले निम्मे किस्से सुहासचे. सुहास आमचा डिझायनर, राहायला बदलापूर. कुठल्याशा कोर्सात शिकून आला: एक, एक, दोन, तीन, पाच, आठ. मागच्या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे पुढचा आकडा. बॅनरची जागा याच मापात वाटायची. डोळ्याला बरं वाटतं म्हणे.

*

पहिल्याच बॅनरला त्याने आठचा भाग कोरा सोडला. आमचे सिंधी शेठ उडालेच.

"ये खाली क्यूं?"

"शेठ, डिझाइनला श्वास घ्यायला जागा लागते."

"अरे, ये बॅनर है, पेशंट नहीं!"

*

अंबरनाथच्या एका भाऊंचा वाढदिवस. खाली शुभेच्छुक बारा. या वेळी सुहासने प्रत्येक फोटो आधीच्याच्या निम्मा केला. बारावा तिळाएवढा! दुसऱ्या दिवशी तोच दुकानात. मला वाटलं, आता हाणतो. तर बिचारा रडवेला.

"आईला मुद्दाम चौकात नेलं होतं बघायला. तिला मोतीबिंदू आहे हो!"

*

शिरगावचे पाच भाऊ, गणपतीच्या शुभेच्छा. थोरल्याला पाच, दुसऱ्याला तीन, मधल्याला दोन, धाकट्या दोघांना एक-एक. मधल्याने बोटं मोजली.

"म्हणजे दुसरा आणि मी मिळून एक दादा?"

मागून त्याची बायको म्हणाली, "घरात तेच चाललंय की!"

बॅनर परत!

*

शेवटी शेठने दम दिला, "अजून एक बॅनर वापस आया, तो तू भी वापस!" सुहासचं लग्न महिन्यावर आलेलं. नोकरी गेली तर सासऱ्याला काय सांगणार? आम्ही हात जोडून म्हटलं, बाबा रे, आकडे सोड.

त्यात खरवईचे एक म्हातारे शेतकरी आले. बायकोच्या वर्षश्राद्धाचा बॅनर हवा होता. तिचा फोटो एकच, मोबाइलमधला, तोही धुरकट. मोठा केला की ठिपके ठिपके होऊन फाटायचा. सुहासने तिला कोपऱ्यातल्या एकच्या चौकोनात बसवलं. बाकी बॅनर जवळजवळ कोरा!

शेठने कपाळावर हात मारला. "गया तू!"

म्हातारे बॅनरजवळ वाकून बघायला लागले. सुहासचा चेहरा उतरला. मलाच त्याची दया यायला लागली. मग त्यांनी फोटोवर बोट ठेवलं.

"अशीच बसाची ती. कोपऱ्यान." आणि सुहासकडे वळून म्हणाले, "तू कवा बघितलास तिला?"