ठिपक्यांच्या पाव्हण्याची ओवी

कऱ्हाटीत कुणाची म्हैस आटली, कुणाची सून रुसून माहेरी गेली, हे त्या घराच्या आधी ठमाबाईला कळायचं. आणि असल्या बाईला रेडिओवाल्यांनी आपणहून माइक दिला!

गावकऱ्यांनीच चालवायचं छोटं केंद्र ते. त्यांना तिच्या ओव्या हव्या होत्या. केंद्र सांभाळणाऱ्या राजेश्वरीनं पहिल्याच दिवशी सरकारी नियम सांगितला. "आत्या, ओव्या म्हणा, भाज्या शिकवा. बातमी तेवढी सांगायची नाही. बातम्या आकाशवाणीच्या, त्याही जशाच्या तशा."

"म्हंजी दिल्लीचं सांगायचं, आन् भिंतीपल्याडचं न्हाय?"

"नाही. परवाना जाईल."

 ठमाबाईच्या सासूला उभ्या जन्मात जमलं नाही, ते एका कागदानं केलं. तिचं तोंड बंद झालं. निदान माइकसमोर तरी. केंद्राबाहेर पाऊल पडलं की दुप्पट वसुली व्हायची, तो भाग वेगळा.

दोन वर्षं बरी गेली. मग एका सकाळी तिच्या कांद्याच्या वाफ्यात पंज्यांचे ठसे उमटले. वनरक्षक आला, वाकून बघितलं, म्हणाला, "बिबट्या हाय मावशी. ओढ्याकडच्या उसात गेलाय. लोकांना सांगा, एकट्यानं तिकडं फिरकू नका म्हणावं."

अकराला तिचा कार्यक्रम. राजेश्वरी पुण्याला गेलेली, फोन लागेना.  सांगावं तर ही बातमी. परवाना गेला तर सगळ्यांचंच बंद. न सांगावं तर उसात माणसं. शेवटी तिनं डोकं लढवलं आणि गळा काढला:

पाव्हणा आला बाई, ठिपक्यांची अंगी लेणी
ओढ्याच्या उसामधी, जाऊ नका एकलं कोणी

तीनदा म्हटली. नियमही पाळला, गावही राखलं म्हणून स्वतःवर अशी खूश, की घरी जाताना दुकानातून पेढे घेतले.

ते खायच्या आतच भिंतीपल्याडचा राजमहंमद धापा टाकत दारात आला. त्याची बायको करिमा वैरणीला ओढ्याकडं गेली होती. बिबट्यानं दंड फाडला होता.

दवाखान्यात करिमा पांढरीफटक पडून होती. चौदा टाके. ठमाबाई कॉटचा दांडा धरून उभी राहिली. "करिमा, आज रेडिओ लावला न्हवतास व्हय गं?"

"लावला की, ठमाक्का. लई ग्वाड म्हनलीस." करिमा क्षीण हसली. "वैरण कापताना तीच गुणगुणत हुते."



संध्याकाळी राजेश्वरी आली. सगळं ऐकून तिचाही चेहरा उतरला. "आत्या, वनखात्यानं सांगितलं म्हणजे ती सूचना. सूचना देता येते. नियमातच आहे."

"मग हे दोन वर्सांत सांगितलं का न्हाईस?"

"तुम्ही घाबरून बातमीचं नावच काढलं नाहीत. मलाही बरंच वाटलं."

दुसऱ्या दिवशी अकराला ठमाबाई माइकसमोर बसली. ना ओवी, ना थट्टा. बिबट्या कुठं दिसला, कुठं जायचं नाही, सगळं सरळ सांगितलं. करिमाचे टाकेही सांगितले. ते सूचनेत बसतात का, हे राजेश्वरीला विचारलं नाही. काचेपलीकडून राजेश्वरीनं चालू ठेवायची खूण केली.

तेवढ्यात पहिला फोन आला, जळोचीच्या झुंबरतात्यांचा. "ठमाबाई, कालचं पाव्हण्याचं गाणं झ्याक हुतं. आज न्हाय व्हय?"

ठमाबाईनं माइक जवळ ओढला.

"न्हाय तात्या," ती म्हणाली. "ते गाणं न्हवतं. आता नीट ऐका." आणि तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं.