फुकटच्या रश्श्याचे जाणकार

आमच्या शेजारी एक गिरदावर राहायचे. निजामाच्या मुलखात जमिनी तपासत हिंडायचे, पण खरा अभ्यास जेवणाचा. स्वस्तात कुठं काय मिळतं, हे मिशीवरून हात फिरवत सांगायचे, "पाली गावचं पिठलं बरं हाय. पर वडगावच्या पाटलाकडचा कोंबडीचा रस्सा! छदाम घेत न्हाईत. लई मायाळू लोक." पाटलाची जमीन यांच्याच तपासणीत होती, हा निव्वळ योगायोग.

एकदा माझा वडगावला मुक्काम पडला. पाटलीणबाईंनी अगत्यानं आमटी-भाकरी वाढली. अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. मी कौतुकानं म्हणालो, "गिरदावरसाहेब तुमच्या रश्श्याची लई तारीफ करतात."

बाईंच्या हातातली पळी थांबली. "मागून येत्यात व्हय?"

मी तोंड उघडण्याआधीच त्यांनी सुनेला हाक मारली, "अगं, समद्या कोंबड्या डालग्याखाली झाक आधी!"