हाताने टाकलेल्या लेव्हल

दिल्लीतल्या आमच्या ऑफिसात रस्त्यांच्या डिझाइनचं नवं सॉफ्टवेअर आलं आणि ते आमच्या पद्धतीला बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सहा महिने खपून मी टेम्प्लेट बनवलं. नकाशात रस्ता सरकवला की गटाराच्या लेव्हल, म्हणजे तळाच्या उंचीचे आकडे, आपोआप बदलतात. आमचे सीनियर ड्राफ्ट्समन, लक्ष्मीबाई नगरातले माझे शेजारी, "अच्छा, बिल्कुल छान!" म्हणतात, आणि सगळे आकडे पुसून एका बोटाने, पुटपुटत, तेच पुन्हा स्वतः टाइप करतात.

परवा रस्ता दोन मीटर सरकला. बाकी सगळ्यांच्या नकाशांतल्या लेव्हल बदलल्या, ह्यांच्या हाताने टाकलेल्या म्हणून तशाच राहिल्या. कागदावर गटाराचं पाणी उलटं वस्तीकडे निघालं होतं. नकाशा मंजुरीला निघाला होता, तेवढ्यात मी तो थांबवला.

"काका, का पुसता हो आकडे?"

"अगं, सही माझी असते ना? मग आकडाही माझ्या हातचा हवा. पण ही चूक माझीच."

संध्याकाळी नवा नकाशा आला. लेव्हल बरोबर होत्या, पण पुन्हा हाताने टाकलेल्या! मी कपाळावर हात मारला. मग कोपऱ्यात त्यांच्या सहीच्या वर एक ओळ दिसली: लेव्हल मी टाकल्या आहेत, चूक निघाल्यास मला विचारावे.

माझ्या टेम्प्लेटखाली असं लिहायची हिंमत मला अजून झालेली नाही.