मगऱ्या आश्रुबा आणि सुलतानाची लोकर

आश्रुबा धनगराला आमच्या भागात सगळे मगऱ्या म्हणत. मगर हे त्याचं आडनाव नव्हतं. तो शिरूर कासारकडच्या एका वाडीचा. उन्हाळ्यात मेंढरं घेऊन मांजरसुंब्याच्या डोंगराकडे यायचा. अंगाने किरकोळ, बोलायला सावकाश. उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत खोल वणांची एक ओळ होती आणि त्या हाताची शेवटची दोन बोटं कायमची मिटलेली होती.

नाव कशावरून पडलं, हे जो तो आपल्या परीने सांगे. कोणी म्हणे, याने गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत, मगर मारली. कोणी म्हणे, याच्या कातरीखाली सापडलेलं मेंढरू सुटत नाही म्हणून. आमच्या बंगल्यावर पाणी भरणारी छबुबाई म्हणायची, "एकडाव जेवाया बसवा त्याला, मंग कळंल." खुद्द आश्रुबाला विचारलं की तो नुसता हसायचा.

मला मनातलं लिहायची सवय नाही. आठवतं तसं लिहितो आहे.

ही गोष्ट निजामाच्या राज्यातली, फसली तेराशे सव्वीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे सतराच्या उन्हाळ्यातली. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. मांजरसुंब्याच्या घाटात सडकेचं काम चालू होतं आणि त्यावरचे मुख्य अधिकारी, मोहतमीम साहेब, बायकोसह तिथल्या सरकारी बंगल्यात राहत. त्यांचे उर्दू कागद चांगल्या अक्षरात उतरवून देणं, एवढंच माझं काम. नोकरीला जेमतेम सहा महिने झाले होते. घरी आई एकटी होती आणि माझ्या नोकरीखेरीज आम्हाला दुसरा आधार नव्हता.

साहेब मनाचे चांगले, पण त्यांना एक नाद होता. कोणी भेटलं की ते नाव विचारीत आणि मग त्या नावाचा अर्थ विचारीत. माझं नाव ऐकून पहिल्याच दिवशी म्हणाले, "नाम उत्तरेश्वर, और जवाब एक नहीं मिलता इनसे!" खरंच होतं ते. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे.

बेगमसाहेबांचा एक कुत्रा होता. पांढराशुभ्र, मांजराएवढा, आणि अंगावर एवढे केस की तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं ते तो चालू लागल्यावर कळे. नाव सुलतान. तसला कुत्रा आमच्या जिल्ह्यात कोणी पाहिलेला नव्हता. छबुबाई त्याला कापसाचा बोळा म्हणे.

एकदा आश्रुबा बंगल्यावर दूध द्यायला आला असताना साहेबांनी त्याला सुलतान दाखवला आणि म्हणाले, "याची जात पॉमेरेनियन. जर्मनीच्या अंगाला पॉमेरेनिया म्हणून मुलूख आहे. त्या नावाचा अर्थ समुद्राकाठचा."

आश्रुबाने कुत्र्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "समुद्राकाठचं हाय, तर मंग हितं कावून आणलं, साहेब?"

साहेब मोठ्याने हसले. "और तू मगर क्यूं?" त्यांनी विचारलं. आश्रुबा खाली बघून हसला. तेव्हा साहेबांनी त्यालाच माहिती दिली, की अमेरिकेतल्या नद्यांत मगरीची एक बहीण असते, तिला अ‍ॅलिगेटर म्हणतात. स्पेन देशच्या लोकांनी ती पहिल्यांदा पाहिली आणि तिला नुसतं 'सरडा' म्हटलं, त्या शब्दाचं पुढे हे झालं.

"सरडा?" आश्रुबा म्हणाला. "मंग आमच्या वाडीच्या कुपाटीवर लई हायेत अलीगटर."

वैशाखात साहेबांच्या घरचं लग्न निघालं. साहेब आणि बेगमसाहेबा तीन आठवड्यांसाठी हैदराबादला जायला निघाले. बैलांची दमणी आणि पुढे आगगाडी, एवढा प्रवास सुलतानाला सोसणार नाही म्हणून त्याला मागे ठेवायचं ठरलं. बेगमसाहेबा पडदा पाळीत. मी त्यांना कधी पाहिलं नाही. ओसरीवर चीक, म्हणजे बांबूच्या काड्यांचा पडदा, टांगलेली असे आणि तिच्यामागून त्यांचा आवाज येई. निघताना तो आवाज म्हणाला, "मुन्शीजी, सुलतान आप के हवाले. रोज कंघी करना. समझ लो, आप की नौकरी इसी की दुम से बंधी है."

छबुबाई घागर खाली ठेवून म्हणाली, "मुन्शीजी, शेपटी बगून धरा बरं. लई बारकी हाय."

पहिले काही दिवस बरे गेले. मग ऊन असं तापलं की दगडावर हात ठेववेना. सुलतानाने खाणं सोडलं. दिवसभर रांजणाखालच्या ओल्या मातीत जीभ बाहेर काढून पडायचा. मी कंगवा लावला की विव्हळायचा. चौथ्या दिवशी तो पाण्याकडेही बघेना, तेव्हा मी घाबरलो. कुत्रं मरेल, नोकरी जाईल आणि मी आईला काय सांगू, एवढंच डोक्यात फिरत होतं. शेवटी मी छबुबाईला सांगून आश्रुबाला बोलावणं धाडलं.

तो आला, मांडी घालून बसला आणि सुलतानाला त्याने मांडीवर घेतलं. मिटलेल्या बोटांनी मान धरली आणि बाकीच्या बोटांनी केस बाजूला केले. केसांचे गठ्ठे झाले होते. मुळाशी गोचिडंच गोचिडं, आणि खालची कातडी लाल, ओली. मी रोज वरून कंगवा फिरवत होतो आणि आत हे चाललं होतं.

"मेंढराला बी असंच होतंय," आश्रुबा म्हणाला. "लोकर उतरावी लागंल. न्हाईतर दोन दिस काढतंय का न्हाई."

"घरी आई एकटी आहे, नोकरी गेली तर... बेगमसाहेबा..." मी म्हणालो.

"त्या हैदराबादेत हायेत. हितं धनी तुमी. तुमी सांगाल तसं."

मी सुलतानाच्या तोंडाकडे पाहिलं. "उतर," मी म्हणालो.

आश्रुबाने कमरेची कातर काढली. मेंढराला धरतात तसं त्याला उलटं धरलं आणि पोटापासून सुरुवात केली. कातर एकदाही कातडीला लागली नाही. पांढरी लोकर पोत्यावर साचत गेली आणि आतून निघाला तो एक लहानसा, गुलाबी, मोठ्या कानांचा प्राणी. छबुबाईने पदर तोंडाला लावला.

"आगं माय! सुलतान गेला अन् उंदीर राह्यला!"

"हसू नगंस, छबुबाई. तुला बी उकडतंय ना?" आश्रुबा म्हणाला. मग त्याने एकेक गोचीड वेचलं, करंजाचं तेल लावलं आणि ओला फडका अंगावर टाकला. संध्याकाळी सुलतानाने वाटीभर ताक प्यायलं. तिसऱ्या दिवशी तो अंगणात खारीच्या मागे धावत होता. आम्ही त्याला धावताना पहिल्यांदाच पाहत होतो.

लोकरीचं गाठोडं आश्रुबाने बरोबर नेलं. चातीवर, म्हणजे धनगराच्या हातातल्या त्या फिरत्या काडीवर, मेंढरांमागे चालता चालता तो ती लोकर कातू लागला.

साहेब परत यायला चार दिवस राहिले, तेव्हा माझी झोप उडाली. सुलतानाच्या अंगावर अजून नखाएवढेच केस आले होते. आश्रुबाचे सोबती कळप घेऊन खाली उतरले होते. पावसाच्या आधी त्यांना वाडी गाठायची होती. आश्रुबा मात्र थांबला होता. मी म्हणालो, "तू जा. तू असलास तर तुझ्यावर येईल."

"कसा जाऊ? लोकर द्यायची राह्यली. ज्याचं मेंढरू त्याची लोकर, मुन्शीजी. दुसऱ्याची लोकर घिऊन धनगर गाव सोडत न्हाई."

साहेबांची दमणी दुपारी आली. बेगमसाहेबा चिकेआड गेल्या आणि सुलतान आनंदाने भुंकत चिकेखालून आत शिरला. आतून किंकाळी आली. मग रडणं, मग "हाय अल्ला, ये किसने किया?"

साहेब बाहेर आले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. आश्रुबा अंगणात उभा होता.

"म्या कातरलं, साहेब," तो म्हणाला.

"किस के हुक्म से?"

मी तिथेच, दोन हातांच्या अंतरावर, दौत आणि कागद घेऊन उभा होतो. आश्रुबाने माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली केली. "हुकूम कशाचा, साहेब? धनगर हाव. क्यास वाढलेले दिसले की हात राहत न्हाई."

साहेबांनी शिपायाला हाक मारली. याला बीडला चौकीवर न्यायचं, सोबत चिठ्ठी द्यायची. "मुन्शीजी, लिखो." मी बसलो. बोरू दौतीत बुडवला. 'बेगमसाहेबांचा किमती कुत्रा विद्रूप केला' इथपर्यंत मी खरोखर लिहिलं. आज इतक्या वर्षांनी सांगतो, लिहिलं.

"नाम?" साहेब म्हणाले.

"आश्रुबा. मगऱ्या लिवा, तसंच वळखतेत."

साहेबांचा नाद रागातही सुटला नाही. ते म्हणाले, "आज तो बता दे. मगर क्यूं?"

आश्रुबाने मिटल्या बोटांचा हात पुढे केला. मग म्हणाला, "लई दिस झाले. गंगंच्या कडंला मेंढरं चाराया गेलतो. कोकरू पाण्याला वाकलं अन् म्या ते वढून काढाया हात घातला. मगरीनं हातच धरला. मगर सोडत न्हाई म्हंतेत. पार गुडघ्याइतक्या पाण्यात नेलं मला. मंग तिनं सोडलं."

"सोडलं? का?"

"ते तिला ठाव. म्या काय मारलं न्हाई, काय न्हाई. तिनंच जबडा उघडला." त्याने तो हात पाहिला. "बापानं एकडाव जीव दिला, त्याचं नाव लावतो. तिनं दुसऱ्यांदा दिला. तिचं बी लावतो. येवढंच हाय."

मी कागदाकडे पाहिलं. शाई ओली होती. मला आई दिसली, घर दिसलं. पण बोरू पुढे चालेना. मी उठून उभा राहिलो आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"साहेब, हुकूम माझा होता. मी 'उतर' म्हणालो. कुत्रा मरायला लागला होता. कंगवा मी वरवर फिरवला, म्हणून आत गोचिडं झाली. चूक माझी. नोकरी घ्या, याला सोडा."

एवढं लांब मी त्याआधी कोणासमोर बोललो नव्हतो. साहेब माझ्याकडे पाहतच राहिले. आश्रुबाने मात्र काही झालंच नाही असं खांद्यावरच्या पिशवीत हात घातला आणि पुढे होऊन चिकेखाली एक गुंडी ठेवली. पांढऱ्याशुभ्र सुताची, नारळाएवढी.

"मायसाब, तुमची लोकर. निगाली तेवढी समदी कातली."

चिकेखालून एक हात बाहेर आला. बेगमसाहेबांचा मी पाहिला तो एवढाच हात. त्याने गुंडी उचलली, बोटांनी सूत चाचपलं. मागून सुलतान बाहेर पळाला, अंगणाला दोन फेऱ्या मारून आश्रुबाच्या पायांत घुटमळला.

"ये दौड़ने कब से लगा?" आतून आवाज आला.

"तिसऱ्या दिवसापासून," मी म्हणालो. त्या दिवशी मी दोनदा बोललो.

चिकेखालचा हात गुंडी घेऊन आत गेला. मग बेगमसाहेबा म्हणाल्या, "छोड़ दो इन को. दोनों को. और ताक मंगवाओ, बाहर सब धूप में खड़े हैं."

साहेबांनी माझ्या हातातला कागद घेतला आणि फाडला. नोकरी राहिली. त्यानंतर साहेब तिथे होते तोवर दर चैत्रात सुलतानाची लोकर उतरवायला आश्रुबाला बोलावणं जाई. छबुबाई ताक देताना दरवेळी त्याला उंदराची आठवण करून देई.

त्या संध्याकाळी तो कळपाच्या मागे निघाला तेव्हा मी घाटाच्या वळणापर्यंत गेलो. काही बोलायचं होतं, पण दिवसाचे शब्द संपले होते. त्याने मिटल्या बोटांच्या हाताने माझा हात धरला. "आईला नमस्कार सांगा," म्हणाला आणि उतरणीला लागला.

चार वर्षांनी मला मुलगा झाला. बारशाला आत्यांनी देवांची नावं काढून ठेवली होती. मी पाळण्याजवळ जाऊन म्हणालो, "आश्रुबा." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आमच्या घरात, आमच्या गणगोतात हे नाव कोणाचंच नव्हतं. कावून, कशासाठी, सगळ्यांनी विचारलं. मी काही बोललो नाही. मुलाचं वय आज पंचेचाळीस आहे. परवा त्यानेही विचारलं. समोरासमोर मला सांगता आलं नाही, म्हणून त्याच्यासाठी लिहून ठेवलं.