न दबणारी शीर

"मालिश केलंत का?" पोटरीवर प्रोब टेकवून डॉक्टरांनी विचारलं. मी होय म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "उठू नका. आजच भरती व्हा."

आजाराचं नाव डीप व्हेन थ्रोम्बोसिस, म्हणजे पायाच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी. घोट्याचं हाड मोडलं म्हणून पाय महिनाभर प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर काढलं आणि पोटरी सुजून टणक झाली. आमच्या घरात सुजेला एकच औषध.

आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेतले. फौज गेली, गरडी म्हणजे तालीम तेवढी राहिली. लष्कर मोहल्ल्यातल्या घरी दर रविवारी वडील आम्हा दोघा भावंडांना तिळाच्या तेलानं असे रगडत की आम्ही बोंब ठोकायचो. मग कढत पाणी, शिकेकाई आणि दुपारभर झोप. ते रविवार आठवले की अजून जीव हळवा होतो. वडिलांची ही कला धाकट्या यशवंतकडे आली. मीच त्याला बोलावलं. "अक्का, सुम्मने, गप बस ग, पळायला लागशील," म्हणत त्यानं दोन दिवस पोटरी चोळली.

म्हणून कळकळीनं सांगते, एकच पाय अचानक सुजला तर तेलाची बाटली बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. चोळताना गुठळी सुटून फुप्फुसात गेली, तर जिवावर बेततं.

तपासणीला डॉप्लर म्हणतात. तो अल्ट्रासाउंडचाच प्रकार, अजिबात दुखत नाही. डॉक्टर प्रोबनं शीर दाबून बघतात. निरोगी शीर चपटी होते, गुठळी असलेली दबत नाही. माझी दबली नाही. शिवाय गुठळीचं वरचं टोक रक्तात मोकळं हलत होतं. "ते सैल आहे तोवर धोका आहे," डॉक्टर म्हणाले.

पोटात रक्त पातळ करणारी इंजेक्शनं सुरू झाली, पुढे गोळ्या. यशवंत नजरबादहून रोज यायचा, पण दारातच उभा राहायचा. "माझ्यानंच झालं ग, अक्का," एवढंच बोलायचा. मीच तुला बोलावलं होतं, असं मी शंभरदा सांगितलं. मरणाची भीती मला होतीच. पण मी गेले तर हा स्वतःला कधीच माफ करणार नाही, ही भीती जास्त होती.

आठवड्यानं तपासलं तेव्हा ते टोक दिसेनासं झालं होतं. तीन महिन्यांनी पुन्हा डॉप्लर झालं. या वेळी मी यशवंतला हट्टानं आत नेलं. डॉक्टरांनी शीर दाबली, ती चपटी झाली. मी त्यांना यशवंतचं दुखणं सांगितलं.

ते त्याच्याकडे वळले. "गुठळी प्लास्टरमुळे झाली होती. तुम्ही यायच्या आधीपासून होती. चोळायला नको होतं, पण ती तुम्ही केली नाहीत."

"निजवा, सार? खरंच?" यशवंतनं दोनदा विचारलं.

पाय बरा केल्याबद्दल डॉक्टरांचे उपकार आहेतच, पण त्या उत्तराबद्दल जास्त आहेत. बाहेर बाकावर यशवंत तोंड झाकून रडला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच तो माझ्या शेजारी बसला होता.