वालूरच्या फाट्यावर न थांबलेली मोटार
"ड्रायव्हर थांबायचं विसरला," असं मी बायकोला सांगितलं, ते खोटं होतं. उन्हात तापलेल्या रेक्झिनचा वास आला की पंचाहत्तर सालची ती भाड्याची अँबॅसिडर आठवते. सेलूहून औंढ्याला देवदर्शनाला जाऊन यायला मी ती दिवसभरासाठी ठरवली होती. कॅलेंडरच्या पाठीवर रस्ता काढत होतो, तेव्हा बायकोनं वालूरवर, तिच्या माहेरावर, बोट ठेवलं. "इथं पाचच मिनटं थांबा. मोटारीतून उतरताना आईला बघू द्या की मला." मी हो म्हटलं, तिनं आईला फाट्यावर यायचा निरोपही धाडला. पण ऐन वेळी वाटलं, थांबलो की चहा, मग जेवणाचा आग्रह, आणि औंढा राहून जाईल. फाटा आला तेव्हा बायकोला झोप लागली होती. सासूबाई लिंबाखाली उभ्या होत्या, हातात पाण्याचा तांब्या आणि लेकीवरून ओवाळून टाकायला भाकरीचा तुकडा. मी ड्रायव्हरला हळूच म्हणालो, "चलने दो." बऱ्याच वेळानं जाग आल्यावर तिनं विचारलं, "वालूर आलं न्हाई अजून?" माझं उत्तर ऐकून म्हाताऱ्या ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि तिला म्हणाला, "गलती हो गई, बेटी." ती रागावली नाही, नुसती मागच्या काचेतून बघत राहिली. परतताना बरीच रात्र झाली होती, तेव्हाही थांबता आलं नाही. पुढं मायलेकी त्यावर हसायच्या. "अफू खाऊन चालवत असंल मेला!" सासूबाई म्हणायच्या. गेल्या महिन्यात त्या पुन्हा तसं म्हणाल्या आणि मला राहवलं नाही. "आई, त्याची काही चूक नव्हती. मी तुम्हाला पाहिलं होतं, आणि गाडी पुढं न्यायला मीच सांगितलं. तुम्ही दोघी मला माफ करा."